मालनच्या नावाचा धवला

तुळसा धवलारणीला टरकत नाही असा एकही पुरुष त्या पाड्यात नव्हता, आणि तिला टरकतं असं एकही पोर नव्हतं. डोंबिवलीच्या खाडीकाठचा हा आगऱ्यांचा पाडा. इथली लग्नं भटजी लावत नसत, धवलारीण लावायची. आदल्या दिवशी बायका हळद दळायला जात्यावर बसल्या की तुळसानं पहिला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गायचा, तेव्हा कुठं लग्नाला सुरुवात. तिनं तोंड उघडल्याशिवाय हळकुंड जात्यात पडायचं नाही. मग नवरीचा बाप मिठागराचा मालक का असेना!

म्हातारीला एक खोड होती. हळद दळताना मांडवातली पोरं गोळा करायची आणि एकेकाला पुढ्यात ओढून विचारायची, "तू रं? तू कोन व्हनार?" जे उत्तर येईल ते बापाच्या नावासकट लगेच धवल्यात घालायचं. धोंडीबाचा पोपट इंजिन चालवणार. पंढरीचा रघु मचव्यावर तांडेल होणार. एक कार्टं म्हणालं, "मी नुस्ता झोपनार," तर तेही तिनं गायलं, आणि त्याच्या आईनं भर मांडवात त्याला धपाटा घातला. पोरं या गाण्याची वाट बघत असत. घरी त्यांना असलं कोण विचारत होतं?

गोविंदा पाटलाच्या थोरल्या लेकीच्या हळदीत त्याची धाकटी, मालन, पुढं आली. दहा वर्षांची, केसांना तेल नाही, हातात पाटी. "मी मास्तरीन व्हनार," म्हणाली. बाया खिदळल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो गोविंदा. तुळसा मात्र हसली नाही. तिनं आवाज चढवला आणि गायलं, गोविंदाची मालन गो, मास्तरीन व्हईल गो. हळदीत गायलेला शब्द देवापुढं गायलेला असतो, तो माघारी घेता येत नाही, अशी पाड्याची पक्की समजूत. पण पोरासोरांच्या धवल्याचं कोण मनावर घेतो!

मालननं घेतलं ना! पाड्यातली शाळा चौथीपर्यंतच. तिथून पुढं ती मिठागराच्या बांधावरून रोज डोंबिवलीला चालत जाऊन शिकली आणि सातवीला पोचली. पंचावन्न सालच्या चैत्रात तिची फायनल, परीक्षा कल्याणला. फायनल पास झालं की शाळेत नोकरी मिळत असे. आणि गोविंदानं काय केलं? फाल्गुनात तिचं लग्न ठरवलं. महिनाभर आधी! पोरगी तुळसाच्या ओट्यावर येऊन बसली. "आजे, मना परीक्षेला बसू देत नाय," एवढंच बोलली आणि गुडघ्यात तोंड घालून रडली.

दुसऱ्या दिवशी गोविंदा नारळ आणि विडा घेऊन रीतीप्रमाणं आमंत्रणाला आला.

"काकी, येत्या बुधवारी हलद. धवला तुजा."

"तिचा धवला मी गायलाय," तुळसा म्हणाली. "चार साल झाली. तूच हसत व्हतास."

"ती पोरांची मस्करी व्हती गो!"

"मस्करी? देवापुढं बापाचं नाव घेऊन गायलं ते मस्करी? मंग तुज्या थोरलीचं लगीन बी मस्करीच धर. त्याच हलदीत, ह्याच तोंडानं गायलं. जा, सांग तिच्या सासऱ्याला."

गोविंदाचं तोंड एवढंसं झालं. मग तो चिडला. भटजी आणीन म्हणाला, यापुढं पाड्यात तुला कुणी मांडवात उभं करणार नाही म्हणाला. "आन की!" तुळसानं विडा उचलून त्याच्या हातात परत दिला. "परीक्षा झाल्यावर ये. मंग फुकट गाईन." तो गेल्यावर तिनं मडक्यातले तांदूळ चाचपून पाहिले. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही, धवल्यावरच तिचं पोट. भीती वाटली तिला, का वाटू नये?

बुधवारी भटजी खरंच आला. धोतर सावरत पाटावर बसला. जात्याभोवती पाच जणी बसल्या, त्यांत मालनची आई रखमाबाई. जातं काही फिरेना. गोविंदा ओरडला, "दला की गो!" कुणी हलेना. त्या पाचही जणींनी जन्मात धवल्याशिवाय हळद दळली नव्हती, आणि देवापुढं एकदा गायलेल्या शब्दावर दुसरा शब्द चढवायची छाती कुणाची नव्हती. शेवटी रखमाबाई उठली. जन्मभर नवऱ्यासमोर मान वर न केलेली बाई! पदराला हात पुसत म्हणाली, "मी नाय दलनार. तुमाला पायजे तर बसा तुमी जात्यावर."

झालं! हळदीविना नवरी कुणी न्यायची? सांजेला हळदीला आलेली नवरदेवाकडची माणसं बोल लावून निघून गेली. भटजी दक्षिणेचं विचारावं की नाही या विचारात थोडा वेळ थांबला आणि तोही गेला.

मालन परीक्षेला बसली. गोविंदानं मात्र आपला शब्द खरा केला. तो उन्हाळाभर तुळसाला एकाही मांडवातून बोलावणं आलं नाही. लोक शेजारच्या गावातून धवलारीण आणत, आणि तुळसा आता पोटासाठी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन त्या मांडवावरून जात असे. आतून परकीचा आवाज यायचा. तिला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं. ती तशीच पुढं चालत राहायची.

जूनमध्ये निकाल लागला. मालन नापास. गणितात गेली.

पाड्याला काय, चघळायला विषय मिळाला. गोविंदा संध्याकाळी तुळसाच्या दारात आला, मागे चार रिकामटेकडी माणसं. मालन तिथंच ओट्यावर बसली होती, डोळे सुजलेले.

"झाली मास्तरीन?" तो म्हणाला. "आता काय गातेस, काकी?"

आपल्या हट्टापायी पोरीचं लग्नही गेलं आणि परीक्षाही, हे तुळसाच्या मनात दुपारपासून सलत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खाली मान घातली.

उठली ती मालन.

"आजीला कशाला इचारतोस? नापास मी झालेय. मना इचार."

"तुना काय इचारू?"

"कोन व्हनार ते इचार. कधी इचारलंस तू?"

गोविंदानं ओठांवरून जीभ फिरवली. मग घोगऱ्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाला विचारावं तसं म्हणाला, "कोन व्हनार?"

"मास्तरीनच व्हनार. म्होरल्या साली परत बसनार. परत नापास झाले तर परत." तिनं नाक पुसलं. "फारमावर बापाची सही लागते. तुना येत नाय, तवा अंगठा दे. औंदा चालंल. म्होरल्या वक्ताला मी तुना सही शिकवते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गोविंदा गर्रकन वळला. "कोन हसला रं?" त्यानं विचारलं, आणि पाटलाचा तो आवाज ऐकून चौघेही वाटेला लागले. मग तो लेकीकडं वळून म्हणाला, "फारम आला की आन माज्याकडं."