अनामत ठेवलेली पाटली

श्रीवर्धनला आम्ही साडेचार वर्षं भाड्याने राहिलो. सुपारीच्या वाडीतल्या एका घराच्या मागच्या दोन खोल्या. घरमालकीण विधवा होती, साठीची, पुढच्या भागात एकटी राहायची. सगळे तिला काकू म्हणायचे, म्हणून आम्हीही.

राहायला आलो तेव्हा तिने अनामत मागितली. आमच्याकडे रोख नव्हतं. हे एका सुपारीच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. मग माहेरच्या माझ्या दोन पाटल्यांतली एक मी काढून दिली. खोल्या सोडताना परत, असं ठरलं. कागद झाला नाही. मी चौथी शिकलेली, काकू तेवढीही नाही, आणि बायकोच्या दागिन्याचा कागद करायची ह्यांना लाज वाटली.

पुढे ह्यांना मुंबईला नोकरी लागली. परळला एक खोली बघितली, तिथेही मालक अनामत मागत होता. दुसरी पाटली तोवर मुलीच्या टायफॉइडमध्ये गेली होती. म्हणजे काकूकडची पाटली हातात पडली तरच मुंबईत डोक्यावर छप्पर होतं. आणि मुंबईची बोट पावसाळ्याआधीची शेवटची होती. ती चुकली की नारळी पौर्णिमेपर्यंत दुसरी नाही. तोवर ती खोली कोण आमच्यासाठी ठेवणार?

जायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही खोल्या सारवल्या. उखळ काढलं होतं तो खड्डा भरून चोपून घेतला. सकाळी गाडीवाल्याने ट्रंक ओढत नेली आणि जमिनीवर ओरखडा उठला. काकू आली, कमरेत वाकली, बोट फिरवून बघितलं.

"अशी जमीन घेऊ मी?"

"ट्रंकेचा ओरखडा आहे, काकू. वीतभर."

"दिली तेव्हा आरशासारखी दिली होती."

"दिली तेव्हा उंदरांची बिळं होती. मी बुजवली."

"बिळं माझी होती. ओरखडा तुझा आहे. सारवून दे आणि पाटली ने. माझं काही म्हणणं नाही."

हे बाहेर गाडीपाशी उभे होते. बोट लांब समुद्रात थांबायची, तिथवर मचव्याने जायचं, आणि ओहोटी लागली की मचवा वाळूत बसायचा. हे आत येऊन हळूच म्हणाले, "सोड ती पाटली. चल."

"आणि मुंबईला राहायचं कुठे? फलाटावर? तुम्ही मुलांना घेऊन पुढे व्हा. मचवा थांबवा. मी आलेच."

गाडी गेली. मी परसात जाऊन बादलीत शेण कालवलं. तिथे वाडीतली कामकरीण सुपारी सोलत बसली होती. ती हातातलं काम टाकून उठली.

"बाय, काय करतंस? मानूस आत्ताच घराभायेर पडलाय."

मी थांबले. माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घरात केरसुणीसुद्धा फिरवत नाहीत. निघाल्याबरोबर घर सारवायचं ते एकदाच, मढं बाहेर काढल्यावर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाईत लक्षात आलं नव्हतं.

काकू मागच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी कुठे म्हटलं आत्ताच सारव? पावसाळा झाला की ये, सावकाश सारव, घेऊन जा."

तेव्हा मला कळलं. विहिरीवर काकूचं एक तांब्याचं घंगाळ असायचं. त्यावर दुसऱ्याच घराण्याचं नाव कोरलेलं होतं. आमच्याआधी तिथे एक मास्तर राहून गेले होते, त्यांचं ते आडनाव. साडेचार वर्षं मी त्या घंगाळातलं पाणी उपसलं आणि ते तिच्याकडे कसं आलं, हे एकदाही विचारलं नाही. कुठलीही बाई नवरा निघाल्यावर जमिनीला हात लावणार नाही, ह्या भरवशावर ती बसली होती.

मी बादली उचलून आत गेले.

मी देवभोळी नाही. पण त्या दिवशी हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू. वैशाख संपत आला होता, समुद्र खवळायला लागला होता, आणि दोन मुलांना घेऊन माझा नवरा मचव्यात बसायला निघाला होता. मी आतल्या भिंतीपासून सुरुवात केली आणि उंबऱ्यापर्यंत आले. कोपरासुद्धा सोडला नाही. कामकरीण दाराशी तोंडावर पदर धरून उभी होती.

"झालं, काकू. पाटली आणा."

काकू जमिनीकडे बघत राहिली. "सारवलंस तू खरंच."

"पाटली."

"वाळू तरी दे. ओल्यात काय दिसतंय?"

"वाळेपर्यंत बोट जाईल."

कामकरीण मध्ये बोलली. "द्या तिची वस्तू, काकू. तिनं केलं ते तिच्यावर हाय, आन तुमीबी उबं राहून करवलंत."

काकू आत गेली. पेटीचं कुलूप वाजलं. फडक्यात गुंडाळलेली पाटली तिने माझ्या हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली. मी उचलून फडकं सोडून बघितली. माझीच होती. कनवटीला खोचली आणि हात न धुता धावत सुटले.

मचवा होता. हे गुडघाभर पाण्यात उभे राहून तांडेलाशी भांडत होते. "ती बघा आली," म्हणून त्यांनी मला हाताला धरून वर ओढलं.

"मिळाली?"

"मिळाली."

"सारवायला नाही लावलं ना?"

"नाही. समजावलं मी."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत शेण वाळलं होतं. त्यांनी धाकट्याला मांडीवर घेतलं आणि बोटीकडे बघत राहिले.

बोटीवर मी त्यांच्यावरची नजर काढली नाही. त्यांना बोट लागली आणि ते कठड्यावरून ओकायला वाकले, तेव्हा मी मागून सदरा घट्ट धरला.

"सोड की. पडत नाहीये मी," ते म्हणाले.

मी सोडला नाही.

ते पुढे एकतीस वर्षं जगले. मी त्यांना कधी सांगितलं नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही.

परळच्या मालकाने पाटली तोलून घेतली आणि पेटीत टाकायला निघाला. मी म्हटलं, आधी कागद करा. ह्यांनी मला चिमटा काढला. मालकाने कागद काढला, पाटली मिळाली असं लिहिलं. मी त्याला आणखी एक ओळ लिहायला लावली, खोली सोडताना जमिनीबद्दल तक्रार चालणार नाही.

मालक हसायला लागला. "अहो बाई, ही लादी आहे."

म्हटलं, असू दे. लिहा.