लायसन्स लागतच नव्हतं

नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले, तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटून मागे फिरले. आज मात्र सांगणार आहे. मध्ये अडखळले तर थोडं थांबा. मी पुन्हा सुरू करीन, एवढं नक्की.

तसं पाहिलं तर हे सगळं एका वाक्याचं आहे. मी बोललेलं एक खोटं वाक्य. पण एकदम तेच सांगितलं तर तुम्ही म्हणाल — एवढंच? म्हणून आधी माणसं सांगते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहायचो. वरच्या मजल्यावरचं लहानसं अपार्टमेंट, खाली पार्किंग, पलीकडे मक्याची शेतं. अविनाश, माझा नवरा, एका लॅबमध्ये इंजिनियर होता. सकाळी सातला गाडी काढायचा तो संध्याकाळी सहाला यायचा. मी नागपूरची बी. फार्म. तिथे हॉस्पिटलच्या फार्मसीत चार वर्षं काम केलेली; पण इथे त्याची किंमत शून्य. इथे फार्मसिस्ट व्हायचं तर पुन्हा परीक्षा, पुन्हा लायसन्स. डायनिंग टेबलवर पुस्तकं पसरून मी दिवसभर बसलेली असायचे. एकदा नापास झाले होते. दुसऱ्यांदा पेपर देऊन रिझल्टची वाट बघत होते.

त्या ऑक्टोबरात अविनाशने अप्पांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, सहा महिन्यांसाठी आणलं. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. कऱ्हाडच्या घरात अप्पा एकटेच असायचे, स्वतःपुरती खिचडी टाकायचे, आणि पत्रात मात्र 'सर्व क्षेम' लिहायचे.

अप्पा पोस्टातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आता पुष्कळांना आठवणारही नाही, पण आपल्याकडे तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर लायसन्स लागायचं, टीव्हीलाही लागायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. अप्पांनी असे हजारो शिक्के मारले असतील. सख्ख्या मेहुण्याच्या रेडिओचं लायसन्स संपलेलं दिसलं, तर त्यालाही त्यांनी दंड भरायला लावला होता. मेहुणा दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. अप्पा ही गोष्ट हसत सांगायचे — पण सांगताना ताठ बसायचे.

आमच्याकडे रंगीत टीव्ही होता, लाकडी खोक्यातला. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीसमोर निवांत बसले. सकाळी बक्षिसांचे कार्यक्रम लागायचे — कुणाला फ्रिज, कुणाला मोटारगाडी. ती अनोळखी अमेरिकन माणसं जिंकली की अप्पा टाळ्या वाजवायचे. दुपारच्या मालिकेतल्या एका म्हाताऱ्या बाईंची त्यांना काळजी वाटायची. "मीनल, हिचा मुलगा आज पण नाही गं आला," मला आतून ऐकू यायचं. एका कानाने कमी ऐकायचे, म्हणून आवाज मोठा. मी एकदा सांगितलं, "अप्पा, जरा हळू." त्यांनी आवाज इतका कमी केला, की स्टूल घेऊन पडद्याला नाक लावून बसले. मला त्याचाही राग आला.

कशाचा राग होता? आवाजाचा म्हटलं असतं तर सोपं होतं. पण मी ठरवलंय, सोपं काही सांगायचं नाही. राग याचा होता, की मला तीन वर्षांत जमलं नव्हतं ते त्या माणसाला महिन्याभरात जमलं होतं. खालच्या मजल्यावरची बाई त्यांना हाक मारून 'गुड मॉर्निंग' म्हणायची. त्यांना इथे छान वाटत होतं. आणि मला — मला रोज सकाळी उठून पुस्तकं उघडायची भीती वाटत होती.

डिसेंबरात रिझल्ट आला. जिन्याखालच्या पेटीतून पाकीट काढलं आणि जिन्यातच उभ्याने फोडलं. नापास. चार मार्क कमी.

वर आले. अजून कोट अंगावर होता. आणि अप्पा सोफ्यावरून ओरडले, "अगं ये ये, लवकर ये! ह्या बाईला मोटार लागली बघ!"

मी दारातच उभी. त्यांनी वळून पाहिलं, पण माझा चेहरा त्यांना दिसला नसावा. डोळ्यांत अजून ती मोटारच होती. हसत, अगदी सहज त्यांनी विचारलं, "विचारायचंच राहिलं. ह्याचं लायसन्स कुणाच्या नावावर आहे? अविच्या?"

खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. इथे लागत नाही. ह्या देशात टीव्हीला लायसन्स नाहीच — ना पोस्टात, ना आणखी कुठे. मला ते पक्कं माहीत होतं. आल्याबरोबर अविनाशलाच मी तो प्रश्न विचारला होता, आणि आम्ही दोघं हसलो होतो.

मी म्हणाले, "नाही काढलेलं."

"म्हणजे?"

"इथे फार महाग असतं, अप्पा. आम्ही काढलंच नाही. कुणी तपासायला आलं तर पंचाईत आहे. आमचं ग्रीन कार्ड व्हायचंय अजून."

हे मी बोलले. कुणी पढवलं नव्हतं, रागाच्या भरात तोंडून निसटलं असंही नव्हतं. वाक्यामागून वाक्य नीट जुळवत गेले. ग्रीन कार्डाचं तर मुद्दाम घातलं, कारण ते त्यांना वर्मी लागेल हे मला ठाऊक होतं.

अप्पा उठले. बटण दाबून त्यांनी टीव्ही बंद केला. मग हळूच विचारलं, "अविला माहीत आहे?"

"आहे. पण त्याच्याकडे विषय काढू नका. तो चिडतो."

"नाही काढणार," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू आधी सांगायचंस गं."

त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती. मुलाची लाज. ती मी पाहिली आणि आत जाऊन कोट काढला.

त्यानंतर घर शांत झालं. हवं होतं ना मला? अप्पा खिडकीशी बसायचे. बाहेर थंडी, उघडी पडलेली शेतं, दिवसातून दोनदा जाणारी शाळेची बस. संध्याकाळी अविनाश बातम्या लावायचा, तेव्हा ते 'डोळे दुखतायत' म्हणून आपल्या खोलीत जायचे. बेकायदा टीव्ही बघायचा नाही, आणि मुलाला तोंडावर बोलायचंही नाही — एवढाच मार्ग त्यांना दिसला असणार. अविनाशला वाटलं, आईच्या आठवणीने खचलेत. आधी समजूत घातली. मग चिडायला लागला. ख्रिसमसच्या सुट्टीत एकदा त्याचा तोल सुटला. "अप्पा, एवढे पैसे खर्चून तुम्हाला इथे आणलं. तुम्ही नुसतं तोंड पाडून बसता! काय कमी आहे इथे? सांगा ना, काय कमी आहे?"

अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पोळ्या लाटत होते. मी लाटतच राहिले.

"काही कमी नाही रे," ते म्हणाले. "वय झालं."

तेव्हा सांगता आलं असतं. अविनाश ओरडला असता, अप्पा आठवडाभर रुसले असते, संपलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी पोळी तव्यावर टाकली.

जानेवारीत एका दुपारी अप्पा "पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडले. आले ते दोन तासांनी. बूट ओले, नाक लाल. मी टेबलापाशीच होते, तिसऱ्यांदा तीच पुस्तकं उघडून. ते बराच वेळ दारात उभे राहिले. मी वर पाहिलं तर माझ्याकडेच बघत होते. "चहा टाकू का तुला?" त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून रोज अकरा वाजता ते स्वतः चहा करायचे, माझ्या पुस्तकांशेजारी कप ठेवायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. मला वाटलं, वेळ जात नसेल.

एप्रिलपर्यंतचं तिकीट होतं. फेब्रुवारीतच त्यांनी बदलून घेतलं. एअरपोर्टवर अविनाश त्यांच्याशी धड बोलला नाही. माझ्या डोक्यावर मात्र त्यांनी हात ठेवला. "ह्या वेळी पास होशील," म्हणाले.

त्यांचा स्वेटर आमच्याकडे राहिला होता. मार्चमध्ये एका शनिवारी गाडी घेऊन मी तो पार्सल करायला पोस्टात गेले. आमच्याकडून दीड मैल, रस्त्याला फुटपाथ नाही. खिडकीत पिकल्या केसांची अमेरिकन बाई होती. तिने पत्ता वाचला, आडनावावर बोट ठेवलं आणि एकदम खुलली. "हे टेलिव्हिजन लायसन्सवाले गृहस्थ का? तुमचे कोण?"

"सासरे," मी म्हणाले.

पुढचं तिनेच सांगितलं. जानेवारीत, बर्फ पडलेल्या एका दिवशी ते चालत आले होते. सोबत अर्ज लिहून आणला होता. त्यात म्हटलं होतं, मुलाकडून अनवधानाने टीव्हीचं लायसन्स काढायचं राहिलं आहे. सर्व जबाबदारी वडील या नात्याने माझी. दंडासह रक्कम मी भरतो, मुलाच्या नावावर नोंद होऊ नये. "इतकं सुंदर अक्षर मी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. "मी सांगितलं, ह्या देशात असं लायसन्सच नसतं. त्यांनी दोनदा विचारलं — मॅडम, खात्री आहे ना? मग तिथे बाकावर बसले बराच वेळ. मी विचारलं, तुम्हाला असं सांगितलं कुणी? तर म्हणाले, कुणी नाही, माझाच गैरसमज झाला."

मी पार्सलचे पैसे दिले आणि गाडीत येऊन बसले. किल्ली हातातच राहिली.

त्यांना कळलं होतं. त्या ओल्या बुटांनी दारात उभे होते, तेव्हाच कळलेलं होतं. त्यानंतर पाच आठवडे ते टीव्ही न लावता खिडकीशी बसले, मुलाची बोलणी खाल्ली, आणि मला रोज चहा करून दिला. त्यांनी मला माफ केलं होतं, असं म्हणायला मला आवडेल. पण ते मी कोण ठरवणार? कदाचित माफ केलं नसेल. सून मुलाच्या नजरेतून उतरू नये, एवढंच बघितलं असेल. मी विचारलं नाही, त्यामुळे मला माहीत नाही. कधी कळणारही नाही.

मी त्या उन्हाळ्यात पास झाले.

त्यानंतर दोनदा कऱ्हाडला गेले. दुसऱ्या खेपेला आपल्याकडचीही ही लायसन्सं बंद झाली होती. आम्ही दोघंच मागच्या पडवीत शेंगा सोलत बसलो होतो. अविनाश बाजारात गेला होता. अप्पा सावकाश म्हणाले, "आता इथेसुद्धा टीव्हीला लायसन्स लागत नाही गं." आणि सोलायचे थांबले. माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नव्हे. दार उघडून धरावं तसं.

मी म्हणाले, "हो का?"

त्यांनी पुन्हा शेंग उचलली. पुढच्या वर्षी ते गेले.

इथे थांबता आलं असतं. पण खरा गुन्हा ह्यापुढचा आहे. अविनाश आजही चारचौघांत सांगतो, "आमच्या अप्पांना अमेरिका मानवली नाही." आणि घरी, आम्ही दोघंच असलो की म्हणतो, "मी उगाच बोललो गं त्यांना. एअरपोर्टवरही नीट बोललो नाही." दरवर्षी त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी म्हणतो. आता सत्तरी ओलांडली त्याने, तरी म्हणतो. आणि दरवर्षी मी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगते, "असू दे, तू तरी काय करणार होतास?" त्याचं दुःख कुठून आलं हे ठाऊक असलेलं एकच माणूस जगात आहे, आणि तेच त्याचं सांत्वन करत आलंय. टीव्हीबद्दल मी एकदा खोटं बोलले. हे मात्र दरवर्षी.

मला काही समजावून सांगायचं नाही. परीक्षेचा ताण, परका देश, कोवळं वय — हे सगळं खरं आहे आणि त्याचा इथे काही संबंध नाही. तुम्ही 'जाऊ द्या' म्हणावं म्हणून हे लिहिलेलं नाही. एकदा अथपासून इतिपर्यंत, काही न गाळता लिहून बघायचं होतं, म्हणजे तोंडाने सांगताना चुकवायला जागा राहणार नाही.

अविनाश मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालतोय. मी आत्ताच त्याला खिडकीतून हाक मारली. काय गं, म्हणाला. म्हटलं, नळ बंद कर आणि आत ये, अप्पांबद्दल बोलायचंय. तो हात पुसत येतोय. त्याची खुर्ची मी समोर ओढून ठेवली आहे.