दुपारचं फिश सपर

कुवेतमध्ये शुऐबाला एका कंत्राटदाराच्या मेसमध्ये मी आचारी म्हणून लागलो, तेव्हा इराकशी झालेलं युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. मेसमध्ये ब्रिटिश सुपरवायझर जेवायचे आणि शुक्रवारी दुपारी त्यांना मासा आणि चिप्स लागायचे म्हणजे लागायचेच. मी दापोलीकडचा. हामूर, म्हणजे आपला हेकरू, त्याचे जाड तुकडे मैद्याच्या पिठात बुडवून तेलात सोडायचे, यात मला काय अवघड?

पहिल्याच शुक्रवारी यॉर्कशरचा एक क्रेन सुपरवायझर ताट घेऊन खिडकीशी आला. लालबुंद, आडदांड माणूस. म्हणाला, "शेफ, वर थोडं स्क्रॅप टाक."

स्क्रॅप म्हणजे मला एकच माहीत होतं, भंगार. शुऐबात भंगाराचे डोंगर पडलेले असायचे. मला वाटलं, माझ्या माशाला हा भंगार म्हणतोय. मी ताट परत घ्यायला हात पुढे केला. मग त्याने बोटाने झाऱ्याकडे दाखवलं. तळताना पिठाचे जे कुरकुरीत कण सुटतात, तो चुरा त्याला हवा होता. मी तो कचऱ्यात टाकत होतो. त्या दिवसापासून त्याच्यासाठी वाटीभर बाजूला काढू लागलो.

त्याच्या मागे रांगेत एक स्कॉटिश इन्स्पेक्टर होता. पाइपांचे जोड तपासायचा. बारीक, कमी बोलणारा. तो म्हणाला, "मला फिश सपर."

मी म्हटलं, "सर, सपर रात्री सातला. आता लंच आहे."

यॉर्कशरवाला पोट धरून हसायला लागला. मग इन्स्पेक्टरने शांतपणे समजावलं, की त्यांच्याकडे माशासोबत चिप्स असले की ते सपर. सकाळी खाल्लं तरी सपरच. आणि त्यावर नुसतं व्हिनेगर नको, सॉस हवा. बाटलीतला तपकिरी सॉस, व्हिनेगर घालून पातळ केलेला.

"बूट पुसायला बरा आहे तो," यॉर्कशरवाला म्हणाला.

तिथून त्या दोघांचं जे सुरू झालं ते दर शुक्रवारी चालायचं. पावाला एक ब्रेडकेक म्हणायचा, दुसरा रोल. मँचेस्टरचा एक पोरगेला इंजिनिअर मध्येच बार्म म्हणायचा आणि दोघांच्या शिव्या खायचा. कुवेतमध्ये दारू नाही. फ्रिजमध्ये माल्टच्या गोडसर बाटल्या असायच्या. यॉर्कशरवाला ती ग्लासात ओतून म्हणायचा, "माझी बिटर." इन्स्पेक्टर म्हणायचा, "माझी हेवी." बिटर म्हणजे कडू, हेवी म्हणजे जड, एवढं इंग्रजी मला येत होतं, पण बाटलीतलं पाणी ना कडू होतं ना जड. नंतर कळलं, त्या त्यांच्या गावाकडच्या बिअर. पहिला घोट दोघंही डोळे मिटून घ्यायचे. तेवढ्यापुरतं भांडण थांबायचं.

ते मित्र आहेत असं मला कधी वाटलं नाही. कामावर तर एकमेकांची तोंडंही बघत नसत.

एका उन्हाळ्यात इन्स्पेक्टर साइटवर छातीत दुखून कोसळला. हॉस्पिटलमध्ये नेलं. जीव वाचला, पण डॉक्टर विमानात बसू देईनात. लग्न केलेलं नव्हतं. घरी एक म्हातारी बहीण, तीही विमानाला घाबरणारी. मेसमधली माणसं पाळीपाळीने भेटायला जायची आणि येऊन सांगायची, तो बोलत नाही, ताटाला हात लावत नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.

त्या शुक्रवारी यॉर्कशरवाला सकाळीच स्वयंपाकघरात आला. खिडकीशी नाही, थेट आत.

"एक फिश सपर बांधून दे," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर चुकवली आणि सॉसची बाटली मागितली. वाटीत सॉस ओतला, व्हिनेगर घातलं, बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं, परत घातलं. "असाच असतो का रे तो?" मला विचारलं. मला काय ठाऊक? मी म्हटलं, "अजून जरा पातळ असेल." तो मान हलवून ढवळत राहिला. मी दुसऱ्याला शेगडीवर उभं केलं आणि त्याच्यासोबत गाडीत बसलो.

वॉर्डात मलयाळी सिस्टरने फॉइल उघडून बघितलं. "छातीच्या पेशंटला तळलेलं?" मी हिंदीत विनवण्या केल्या. शेवटी ती म्हणाली, "वरचं आवरण काढा. एक घास. मी चार्ट भरून येते."

मी आवरण सोलून माशाचा पांढरा तुकडा सॉसमध्ये बुडवला. यॉर्कशरवाल्याने तो स्वतःच्या जाड बोटांनी त्याच्या ओठांपाशी धरला. इन्स्पेक्टरने वास घेतला. मग तोंड उघडलं. बराच वेळ चघळत होता.

"सॉस कोणी केला?"

"मी."

"व्हिनेगर जास्त झालंय."

"बूट पुसायलाच केला होता," यॉर्कशरवाला म्हणाला. इन्स्पेक्टरने भिंतीकडची कूस बदलली आणि सॉस कसा करायचा ते हळूहळू सांगायला लागला. मी दोघांना तसंच सोडून बाहेर बाकावर जाऊन बसलो. सिस्टर परत आत गेली तेव्हा भेटीची वेळ संपली होती, पण तिने घड्याळ बघितलं नाही.

पुढे त्याला घरी जाता आलं, पण परत यायची परवानगी मिळाली नाही. यॉर्कशरवाला शुक्रवारी जेवायला यायचा, पण वाद घालायला कोणी नव्हतं. माझ्या खिडकीशीच ताट घेऊन उभ्याने खायचा. एकदा मीच म्हटलं, "सर, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे या."

अब्बासियाला आमच्या खोलीत तो आला, वाटाण्याचे दोन डबे घेऊन. गादीवर मांडी घालायला त्याला बराच वेळ लागला. मी तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण केलं होतं. वेंगुर्ल्याचा रूममेट लगेच म्हणाला, "कोळंबी काय? सुंगटां म्हण. कोळंबी म्हटलां की चव जाता." आमच्याच खोलीतले श्रीवर्धनचे चाचा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "झिंगे आहेत हे. आमच्या अम्मीला विचार." दोघं हातघाईवर आले.

पाहुण्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तो एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. "कशावरून भांडतायत?" त्याने मला विचारलं.

मी सांगितलं. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "त्याला इथे आणायला हवं होतं," तो म्हणाला.

दुसरं युद्ध येणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा कंपनीने त्याला घरी पाठवलं. तोपर्यंत महिन्यातून एकदा तरी तो आमच्या गादीवर बसून जेवायचा. चाचांनी त्याला हाताने भाकरी मोडायला शिकवलं. निघायच्या आदल्या शुक्रवारी त्याने तिघांनाही मिठी मारली, आणि चाचा, जे कधी कुणाच्या गळ्यात पडत नसत, ते बराच वेळ त्याची पाठ थोपटत राहिले.