वाघमारेंच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतोय, ठाऊक नाही.

नांदेडच्या कॉलेजात मी भूशास्त्र शिकवायचो. खडकांचे थर आणि जीवाश्म हा माझा विषय. माझाच — असं मी धरून चाललो होतो. मग वाघमारे आमच्या विभागात शिकवायला आले. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, चाकूरकडच्या बौद्ध घरातले. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, दुष्काळ होता, गावोगाव विहिरी खोल करणं चाललं होतं. मी काठावरच्या ढिगाऱ्यातले दगड उचलायचो. ते दोर धरून थेट आत उतरायचे. ज्या विहिरीला त्यांच्या वडिलांना शिवू दिलं नव्हतं, तिच्यात आता मालक स्वतः त्यांना सोडायचा — "जपून सर, खाली दगड सुटा हाय." हे बघून मला बरं वाटायला हवं होतं, नाही का? नाही वाटलं. जळलो मी.

तिथंच, काळ्या दगडाच्या दोन थरांमधल्या मातीत त्यांना गोगलगायींचे शंख मिळाले — दगड झालेले. खाली बारीक, वर मोठे. लाव्हा दोनदा वाहिला, त्या मधल्या काळात तिथं तळं होतं, चांगलं टिकलं होतं. असलं काही मला पंधरा वर्षांत सापडलं नव्हतं.

आमच्यात दगडाला मोल असतं ते खोलीमुळे. किती फुटांवर मिळाला, ते वहीत लिहायचं आणि तशीच चिठ्ठी पिशवीत टाकायची. बाहेरून मोठे तज्ज्ञ तपासायला येणार होते. आदल्या दुपारी वाघमारे जेवायला गेले, आणि मी — काय केलं मी? खालची चिठ्ठी वरच्या पिशवीत टाकली, वरची खालच्या. दोन मिनिटंही लागली नाहीत.

तज्ज्ञांनी वही आणि पिशव्या ताडून पाहिल्या. जुळेना. पुन्हा उतरून बघावं, तर तोवर पाऊस होऊन विहीर भरलेली. असल्या गोंधळावर काही छापता येत नाही, म्हणाले. वाघमाऱ्यांनी वाद घातला नाही. नंतर मलाच म्हणाले, "माझ्याच हातून झालं असल, सर. उन्हात घाईघाईनं भरत होतो." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला — हो, तेवढंही केलं.

ते पुन्हा कुठल्या विहिरीत उतरले नाहीत. विभागप्रमुख मी झालो. पुढं मी निवृत्त होईपर्यंत, दरवर्षी अभ्याससहलीत ते नव्या पोरांना स्वतःची ती चूक सांगायचे, स्वतःचाच कान धरून. पोरं हसायची. शेजारी उभा राहून मीही हसायचो.