रिदम लोड हुईपतूर

कुपवाडात आमचा कीबोर्ड क्लब हाय. आमचा म्हणायचं खरं, पर मला त्यातलं कायबी वाजवता येत न्हाई. सुरवातीला एकदा बसलो हुतो शिकायला. सरांनी थोडा येळ आयकलं आन म्हणालं, "काका, तुमी बोला. वाजवू नका." तवापासनं मी क्लबात बोलायला हाय.

बोलायचं म्हंजी कसं, तर क्लबाकडं चांगला कीबोर्ड एकच. ढोलकी, तबला सगळं त्याच्यात आपोआप वाजतंय, पर ज्येचं गाणं त्येचा रिदम निराळा, आन त्यो ज्येच्या त्येच्या पेनड्राईवमदी. एकाचं झालं की दुसरा येणार, पेनड्राईव लावणार, रिदम लोड करणार, आवाज जुळवणार. तवर लोकं वडापाव खायाला भाईर जात्यात ती परत येत न्हाईत. म्हणून मधल्या येळंत मला माईक द्यायचा. बोर्डावर 'संगीत आणि विनोद' लिवत्यात, त्यातला ईनोद म्हंजी मी. मागनं वाजवणाऱ्यानं अंगठा दावला की मी कितीबी रंगात आसू दे, खाली उतरायचं.

आन माझं ईनोद सगळं माझ्यावरच. दुसऱ्यावर केलं तर मार खायाचं भ्या, आन खरं सांगायचं तर माझ्याएवढं हासण्यासारखं माणूस मला अजून घावलं न्हाई. लोकांची दोन लय आवडती. एक कंपनीचं. रहिमतपूरकडनं मी नवा नवा कुपवाडला आलो, एका कारखान्यात झाडायचं काम लागलं. बोर्ड विंग्रजी, मी तिसरी नापास. पयल्याच दिवशी शेजारच्या कारखान्यात शिरलो आन जेवणाच्या सुट्टीपतूर सगळा झाडून काडला. त्या मालकानं मला च्या पाजला. माझ्या मालकानं खाडा लावला. दुसरं माझ्या लग्नाचं. शेजारी शेजारी दोन मांडव हुतं. मी पान खायाला भाईर गेलो आन मागारी येताना भलत्याच मांडवात पंगतीला बसलो, मुंडावळ्या बांदलेल्या तशाच. वाडप्यानं जिलबी वाडली आन मग इच्यारलं, "आवं, एका नवरीला नवरदेव दोन कसं काय?"

तर आमची पोरगी बी.कॉम. झालीया, हापिसात जाती, आन क्लबात वाजवती. ती मातूर खरंच वाजवती. तिला बगायला कोरेगावाकडलं पावणं येणार हुतं. ऊसवालं घर, पोरगा मिल्ट्रीत, बा बी मिल्ट्रीतनं सुभेदार हून आलेला. पोरीनं कळवलं, पोह्याचं ताट घिऊन मी पुढं बसणार न्हाई, बगायचं तर वाजवताना बगा. पावणं व्हय म्हणालं. मग क्लबाच्या कार्यक्रमालाच बोलवलं.

सकाळी पोरगी माझ्यापुढं हुबी ऱ्हायली. "आप्पा, आज सोतावर काय सांगायचं न्हाई. कंपनीचं न्हाई, मांडवाचं न्हाई. आन तिसरीचं तर अजाबात न्हाई."

"मग सांगू काय?"

"दुसरं काय तर सांगा."

बायको आतनं म्हणाली, "त्यास्नी दुसरं हाय काय?"

पोरगी हासली न्हाई. "तुमी सांगून मोकळं हुता. लोकं हासून घरी जात्यात. मला तितं जलमभर ऱ्हायचंय, आप्पा. उद्या कुणी म्हणायला नगं, अडाणी जोकराची पोरगी आणली."

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. मग तिनं माझ्या हातात तिचा पेनड्राईव दिला, लाल गोंडा लावलेला. "माझ्या ड्रेसला खिसा न्हाई. गेल्या गेल्या सरांकडं द्या." मी त्यो शर्टाच्या खिशात ठिवला, वर रुमाल घातला.

कार्यक्रम हुता त्या मंगल कार्यालयात पावणं आलं आन माझं डोस्कंच हाललं. पोरगा, त्येची आई आन सुभेदार, तिघांस्नी पुढच्या रांगेत बशीवलं. सुभेदार खुर्चीला पाठ न टेकता बसलं, हाताची घडी घालून. मी फ्यान त्यांच्याकडं फिरवला. मग वाटलं मिशा उडायल्यात, म्हणून परत फिरवला. पाणी घिऊन गेलो.

"आवं, हे काय, आत्ताच दिलंसा," पावणीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात पेला तसाच हुता.

मी स्टेजमागं गेलो, पुढं आलो, परत मागं गेलो. लघवीला जाऊन आलो, आन आल्यावर ध्यानात आलं की झालीच न्हाई.

पयला एक लेथवाला गडी वाजवून उतरला. मधी मी गेलो. म्हशीचं एक सांगितलं, मोबाईलचं एक सांगितलं. कोण हासंना. एक म्हातारी खोकली, तेवढंच. तेवढ्यात अंगठा आला आन सुटलो. दुसरं रिटायर क्लार्कानं वाजवलं. मग पोरीचा नंबर, त्याच्या आदी परत मी.

पावसाचं बोललो. उकाड्याचं बोललो. मागं बगितलं तर अंगठा न्हाई. सर टेबलाखाली वाकल्यात, कोण पिशवी उलटी करतंय. मी परत उकाड्यावर आलो.

मागनं एकजण वरडला, "काका, कंपनीचं हून जाऊ द्या!"

"आज कंपनीला सुट्टी हाय," मी म्हणालो.

"मग मांडवाचं सांगा की गड्या!"

दोन्ही ईनोद तोंडात यिऊन बसलं हुतं. नुसतं तोंड उघडायचा आवकाश, सगळं कार्यालय हासलं असतं. सुभेदारांनी मान वळवून वरडणाऱ्याकडं बगितलं आन बायकूच्या कानात कायतरी इच्यारलं. पडद्याच्या कडंला पोरगी डोळं वटारून हात हालवत हुती. मला वाटलं शपथेची आठवण करून देतीया. मी मानेनंच सांगितलं, न्हाई गं, न्हाई सांगत.

घाम पुसायला खिशातनं रुमाल काडला, तर कायतरी खाली पडलं. उचलून बगितलं आन बरंच वाटलं, तेवढाच येळ जाईल म्हणून. माईकमदी म्हणालो, "मंडळी, हितं कुणाचा तर पेनड्राईव घावलाय. लाल गोंडा हाय. ज्येचा आसंल त्येनं वळख पटवून घिऊन जावा."

पोरगी माईक न घेताच वरडली, "आप्पा, माझाय त्यो! सकाळी मीच दिलाय तुमाला!"

पयल्यांदा त्यो रिटायर क्लार्क हासला... न्हाई, क्लार्क न्हवं, त्याची बायको हासली. मग सगळं कार्यालय. खुर्च्या वाजायल्या. मी तितंच गोंडा धरून हुबा. शपथ मोडली न्हवती बगा, सोतावर एक शबूद बोललो न्हवतो. मला बोलायची गरजच पडली न्हाई.

पोरगी बसली. पयली पट्टी चुकली, तिचंबी हासू दाबंना. मग लावली ढोलकी, आन असं वाजवलं म्हणं, की लोकांनी ठेका धरला. म्हणं, कारण मी आयकलंच न्हाई. मी कडंला हुबा ऱ्हाऊन नुसता सुभेदारांच्या हाताच्या घडीकडं बगत हुतो. घडी सुटली न्हाई. संपल्यावर टाळ्या वाजवल्या, पर परेडला वाजवल्यागत.

सुटल्यावर मागच्या आवारात च्या. सुभेदार माझ्याकडं बगून म्हणालं, "पावणं, ते कंपनीचं काय हाय? लोक लय वरडत हुते."

"काय न्हाई, असंच," मी म्हणालो आन गरम च्या एका घोटात घेतला.

पोरीनं आपला कप खाली ठिवला. "आप्पा तिसरी नापास हायत," ती म्हणाली. "बोर्ड वाचता आला न्हाई, म्हणून कामाच्या पयल्या दिवशी शेजारचा कारखाना झाडून आलं. मालकानं खाडा लावला. दुसऱ्या मालकानं च्या दिला हुता."

कोण हासलं न्हाई. हासणार कसं? च्या आदी सांगायचा, खाडा मागनं! मला आसं झालं की मधी पडावं आन नीट सांगावं. बायकूनं माझा हात दाबून धरला.

सुभेदारांनी उरलेला च्या संपवला आन कप खाली ठिवला. मला वाटलं, झालं, आता उठत्यात.

"काम करून खाडा," ते म्हणालं. "बहोत नाइन्साफी." मग मान वर केली. "एक सांगतो. लग्नात माईक ह्यांच्या हातात जायचा न्हाई. बाकी आमचं काय म्हणणं न्हाई."

मी म्हणालो, "व्हय व्हय, न्हाई घेत, शपथ घेतो की," आन परत पाणी आणाय निघालो. बायकूनं मागनं शर्ट वडला. "आवं, लग्नात म्हणालं ते," ती म्हणाली. तिच्या डोळ्याला पाणी आल्यालं बगून मला कळलं. पोरगी पोराकडं बगत हुती आन पोरगा बुटाकडं.

आता तारीख जवळ आलीया. माझा पाय काय एका जागी ठरत न्हाई. माईक न्हाई तर मी लग्नात करायचं काय, ह्योच घोर. परवा कोरेगावात कार्यालय बगून आलो. चांगलं हाय, पर त्याच्या भिंतीला लागून दुसरं कार्यालय हाय, दार बी तसलंच. घरी यिऊन बायकूला सांगितलं.

ती म्हणाली, "पान आदीच आणून खिशात ठिवा." मग जरा इच्यार करून म्हणाली, "नगं. माझ्याकडं द्या."