नव्या भाताचा पहिला घास

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी माझ्या तोंडात आग व्हायला लागली. पानात चुना जास्त झाला की जीभ पोळते, तशी. फक्त पान न खाता, आणि रोज. सकाळी कमी असायची, संध्याकाळपर्यंत जीभ, टाळू, ओठ सगळं पेटायचं. खर्डीच्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं आणि काही नाही म्हणाले. मुलगाही म्हणाला, "आई, जीभ तर साफ हाय तुझी." साफ होती, हेच वाईट होतं. फोड दिसला असता तर घरात कोणी तरी विश्वास ठेवला असता.

मी माझे उपाय केले. तुरटीच्या गुळण्या केल्या. मशेरी लावली की घटकाभर बधिर वाटायचं, म्हणून सारखी मशेरी लावायला लागले. आग वाढतच गेली. आमच्या वाडीतली एक बाई तोंडाच्या कॅन्सरने गेली होती. तिची आठवण यायची, पण मी कोणाला बोलले नाही.

धाकट्या जावेने कारण शोधून काढलं. आमच्यात नवं भात आधी गावदेवीला दाखवतात, मगच घरात खातात. पण खळ्यावर भात सुकलं की नाही, ते दाणा दाताखाली फोडल्याशिवाय कळत नाही. तो मी दर वर्षी फोडते. जाऊ म्हणाली, "बाय, देवीच्या आधी तू चावतेस. तिनंच तोंड जाळलं तुझं."

"मग इतकी वर्षं काय झोपली होती गो ती?"

बोलून गेले, पण तिचं म्हणणं मनात रुतून बसलं. खाण्याचीच भीती वाटायला लागली. थंड पेज पीत होते, पुढे तीही नको झाली. अंगावरची चोळी ढिली पडली.

मग नव्याचा दिवस आला. सुनेने नवा तांदूळ शिजवला, देवीला दाखवून आणला. आमच्या घरात पहिला घास सगळ्यात मोठ्या बाईने घ्यायचा, तोवर कोणी ताटाला हात लावत नाही. नातवंडं माझ्या तोंडाकडे बघत होती. जाऊही बघत होती. मी मनात देवीला म्हटलं, बाई, जाळायचं तर जाळ, पण ही पोरं भुकेली आहेत. आणि घास घेतला.

आग थांबली. चावत होते तोवर ती नव्हतीच. मी दुसरा घास घेतला, मग ताट संपवलं.

"बघ, राग गेला तिचा," जाऊ म्हणाली.

"गप गो, जेवू दे."

हात धुऊन ओसरीवर बसले आणि थोड्या वेळाने आग परत आली. मला रडू नाही आलं, देवीचा राग आला.

त्यानंतर सून मला शहापूरला तोंडाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी नीट तपासलं आणि विचारलं, "आजी, जेवताना आग कमी होते का?" आधी विचारलं असतं तर काय सांगणार होते? मी जेवतच नव्हते. आता मी त्या घासाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे नसांचं दुखणं आहे. जखम दिसत नाही म्हणून आग खोटी नाही. आणि कॅन्सर नाही." तपासणीत रक्त कमी निघालं. त्याची गोळी दिली, नसांची दिली. मशेरी आणि तुरटी बंद, तिखट कमी, पाण्याचे घोट घेत राहायचं. हळूहळू उतरेल, कदाचित पूर्ण जाणार नाही, हेही सांगितलं. मशेरी सोडताना आगीपेक्षा जास्त त्रास झाला.

आग बरीच उतरली, गेली नाही. संध्याकाळी येते. मी पाण्याचा घोट घेते आणि भाकरी थापायला बसते. तो घास देवीची कृपा होती की नुसता भात, ते मी ठरवत नाही. त्या दिवशी मी जेवले, आणि त्यामुळे डॉक्टरीणबाईंना उत्तर देऊ शकले, एवढं मला ठाऊक आहे. देवीपुढे हात जोडते तेव्हा आग काढ म्हणत नाही. भूक राहू दे म्हणते.

यंदा खळ्यावर मी परत दाणा फोडला. जाऊ उभीच होती. "फोडलास?"

"मग काय ओलं भात दाखवू तिला?" मी म्हटलं, आणि उरलेला अर्धा दाणा तिच्या हातावर ठेवला.

तिने इकडेतिकडे बघितलं, दाणा तोंडात टाकला, चावला.

"सुकलंय," म्हणाली.