सलामीच्या तोफा

परवा टीव्हीवर राष्ट्रपतींचा शपथविधी पाहत होते. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये खासदार उभे राहिले, बाहेर तोफा धडाडल्या आणि मी एकदम माहेरी, कुंभारी गावातल्या घरात जाऊन पोहोचले.

सत्तरच्या दशकातल्या अशाच एका शपथविधीची गोष्ट. माझा भाऊ शिवा दिल्लीला तोफखान्यात होता. "शपथ झाली की सलामी आमची तुकडी देणार, रेडिओ लावा," असं त्यानं कळवलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत तो सीमेवर होता; तेव्हापासून तोफेचं नाव काढलं तरी आईचा जीव थाऱ्यावर नसायचा. मी रेडिओला कान लावून शपथ ऐकत होते. आई शेंगा फोडता फोडता सारखी उठून दारापर्यंत जात होती.

पहिली तोफ उडाली आणि तिच्या हातातलं सूप पडलं.

"पल्याडनं कोण मारतंय का गं?"

"न्हाय आई, मान द्यायला उडवत्यात. गोळा नसतोय त्यात."

"कुणालाच लागत न्हाय?"

"कुणालाच न्हाय."

तोफा थांबेपर्यंत ती भिंतीला धरून उभी राहिली. तेव्हा मला हसू आलं होतं. आज माझा मुलगा सीमेवर आहे. आता हसू येत नाही.

दिवाळीला शिवा रजेवर आला. त्याच्या तोंडावरून हात फिरवत आई म्हणाली, "हितनं पुढं असल्याच तोफा उडव, बाबा."